तीन मांजरं, एक शिलिंग

१८६८ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या मनीऑर्डर कचेरीतून वरिष्ठांकडे एक मागणी गेली. कचेरीत उंदीर फार झालेत, कागदपत्रं कुरतडतात, तरी तीन मांजरं ठेवायला परवानगी असावी आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मंजूर व्हावेत. निर्णय फ्रँक आयव्हज स्कडमोर या बड्या अधिकाऱ्याकडे होता. त्यांनी मांजरं मंजूर केली, पण उमेदवारीवर. त्यांची परीक्षा घ्यावी, शक्यतो माद्या असाव्यात, त्यांना जास्त खायला घालू नये. दोन शिलिंग मिळणार नाहीत, तिघांत मिळून एकच मिळेल, उरलेलं वेतन त्यांनी उंदरांतून वसूल करावं. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर या शिलिंगातूनही कपात होईल.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या हिशेब विभागात गेली. अर्ध्या मागणीला मंजुरी आणि तिच्या शेपटाला कपातीची तंबी, असे शेरे मी पुष्कळ वाचले, काही लिहिलेही. त्यामुळे हे टिपण पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याच खात्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. पुढे पंत आमच्या घरी आला आणि मग मी ते टिपण गंमत म्हणून वाचणं सोडून कामासाठी वाचायला लागले.

पंत म्हणजे मुलीचा बोका. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तो कोथरूडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आला. तेव्हा त्याचं वजन ६.८ किलो होतं. चालताना पोट दोन्ही बाजूंना हलायचं, आणि पाठीचं शेपटाकडचं टोक त्याला चाटता येत नसल्यामुळे तिथले केस गुंतून त्यांच्या जटा झाल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टरबाई तरुण आहेत. त्या म्हणाल्या, "काकू, याला साडेचार किलोवर आणायचंय. पण घाई करायची नाही." मी विचारलं, "उपाशी ठेवू का दोन दिवस?" त्या इतक्या जोरात "अजिबात नाही" म्हणाल्या की बाहेर बसलेला कुत्रा भुंकला. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी स्कडमोरसाहेबांचा शिलिंग तपासून घेते, कारण तो कोणी तपासलेला मला आढळला नाही. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. तीन मांजरं, म्हणजे दर मांजरी आठवड्याला चार पेन्स. त्या काळात लंडनमध्ये मांजरांसाठी उकडलेलं घोड्याचं मांस दारावर विकायला येई. हेन्री मेह्यू या पत्रकारानं १८५१ च्या सुमारास त्याचा भाव पौंडाला अडीच पेन्स असा नोंदवून ठेवला आहे. सतरा वर्षांनी भाव तोच राहिला असं धरलं तर चार पेन्सात दीड पौंडाहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम मांस आठवड्याला येतं. रोजचं झालं शंभर ग्रॅम. त्यात ढोबळमानानं सव्वाशे ते दीडशे कॅलरी. कामकरी मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे लागतात. म्हणजे तूट साधारण शंभराची. एका उंदरात तीसेक कॅलरी असतात. तेव्हा मनीऑर्डर कचेरीतल्या प्रत्येक मांजरीनं रोज तीन-चार उंदीर मारले की तिचा ताळेबंद जुळला. स्कडमोरना कॅलरी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण दोनाचा एक करण्याच्या सरकारी सवयीनं त्यांचा आकडा पोषणशास्त्राच्या फार जवळ जाऊन पोचला. सहा महिन्यांनी अहवाल आला, मांजरं कामाला चोख आहेत.

याच स्कडमोरांनी पुढे ब्रिटनच्या तारायंत्राचं जाळं वाढवताना पार्लमेंटची मंजुरी नसलेले लाखो पौंड, त्यातले काही पोस्टाच्या बचत बँकेचे, परस्पर वापरले आणि १८७५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. मांजरांच्या चार पेन्सांवर बारीक नजर ठेवणारा माणूस. हिशेब विभागात चाळीशी पार केलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

मनीऑर्डर कचेरीचं पाहून इतर पोस्टांनीही मांजरं मागितली. साउदॅम्प्टनच्या पोस्टमास्तरांनी खर्चाची जी बाजू मांडली तिच्यात मांजराचं खाणं राणीच्या गणवेशात रस्त्यातून वाहून नेताना शिपायाची जी शान जाते तिचीही भरपाई धरली होती. पुढे महागाई वाढत गेली तरी भत्ते वर्षानुवर्षं तिथेच राहिले. १९५३ साली ब्रिटिश पार्लमेंटात यावर प्रश्नच आला. सहायक पोस्टमास्तर जनरल गॅमन्स यांनी गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं, त्याचा आशय असा: मांजरांच्या भत्त्यात जागोजागी फरक आहे, कामगिरीप्रमाणे मोबदला देण्याची योजना काही जमत नाही, कारण मांजरं लहरी असतात आणि दीर्घकाळ गैरहजर राहतात.

त्या वेळी लंडनच्या पोस्ट मुख्यालयात टिब्स नावाचा बोका कामावर होता. जन्म १९५०, मृत्यू १९६४ च्या अखेरीस. चौदा वर्षं त्यानं ती प्रचंड इमारत उंदीरमुक्त ठेवली असं खात्याच्या मासिकानं मृत्युलेखात लिहिलं. पगार आठवड्याला अडीच शिलिंग. आणि वजन तेवीस पौंड, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. आमच्या पंताच्या दीडपट!

आता हा साडेदहा किलोचा बोका उंदीर खाऊन झाला असेल का? उंदरांचा हिशेब वर दिलाच आहे, आणि इमारतीत उंदीर नव्हते हे तर त्याच्याच कर्तबगारीत मोडतं. पगारही फुगवणारा नव्हता. उत्तर त्याच्या राहण्याच्या पत्त्यात आहे. टिब्सचा मुक्काम कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहांपैकी एकात असे. वरची आवक सगळी तिथली होती आणि ती कुठल्याच वहीत चढत नव्हती. टेबलाखाली पडलेला बेकनचा तुकडा, कुणाच्या बशीतलं उरलेलं, कुणी लाडानं पुढे केलेलं. मंजूर शिधा काटेकोर, बाकी सगळं बिननोंदीचं. माझ्या मते जाड मांजराचा इतिहास इथून सुरू होतो. मांजरानं किती खावं याचा हिशेब एका हातात असतो तोवर ते सडपातळ राहतं. तो हिशेब चार हातांत वाटला गेला, किंवा कुणाच्याच हातात उरला नाही, की पोट सुटतं.

आपल्याकडे तो हिशेब घरातल्या बायकांच्या हातात होता, आणि तो कसा राखायचा हे स्वयंपाकघराच्या छतावर टांगलेलं असे. शिंकं. दही, लोणी, सायीचं भांडं मांजराच्या उडीपलीकडे ठेवायची ती सोय. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात शिंक्याच्या जोडीला जाळीचं कपाट होतं, आणि रात्री दुधाच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर खलबत्ता. इतका बंदोबस्त करून मग सकाळी आजी स्वतःच्या हातानं एका फुटक्या वाटीत दूधभाताचा घास मांजराला घाली. तो घास लहान असे, मुद्दाम लहान. पोट भरलं तर ती कोठीत कशाला जाईल, हे आजीचं बोलणं. म्हणजे स्कडमोरचाच शेरा, फक्त चुलीपुढे बसून दिलेला. दूधभातावर मांजर जगतं असं आपण म्हणत आलो ते कोठीतल्या उंदरांच्या भरवशावर. मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा पदार्थ त्याला मांसातूनच मिळवावा लागतो, अ जीवनसत्त्वही गाजरातून बनवता येत नाही. वाड्यातली मांजर ते सगळं अंधारात, कुणाला न दाखवता मिळवत होती. कोकणातल्या मांजरांचा प्रश्नच नव्हता, त्यांना बांगड्याची मुंडकी होती.

मांजराच्या उपयोगाची सरकारी दखल आपल्या मुलखातही एकदा घेतली गेली, आणि तीही मोठ्या संकटात. १८९६ साली प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवतात. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांचा संबंध हळूहळू उलगडला. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी एक साधं काम केलं: खेड्यांतली घरं आणि घरांतली मांजरं मोजली आणि प्लेगच्या आकड्यांशी ताडून पाहिली. जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून त्यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. मांजर म्हणजे प्लेगचा प्रतिबंधक. त्याच वर्षी जपानला गेलेले रॉबर्ट कॉख यांनीही मांजरं पाळा असाच सल्ला दिला. आज आपल्याला ठाऊक आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे तो उपाय वाटला तेवढा बिनधोक नव्हता. पण वऱ्हाडातल्या खेड्यात दारोदार फिरून मांजरं मोजणारा सर्जन मला फार आवडतो. त्या मोजदादीत एखादं मांजर लठ्ठ निघालं असेल असं मला वाटत नाही.

लंडनमध्ये मात्र मांजराचा शिधा तोवर धंद्याच्या हातात गेला होता. घोड्याचं मांस विकणाऱ्या फेरीवाल्याला तिथे कॅट्स-मीट मॅन म्हणत. शहरात गाड्या ओढणारे हजारो घोडे, ते मेले की कत्तलखान्यात मांस उकडायचं, तुकडे लाकडी काडीला ओवायचे आणि ढकलगाडीत घालून ठरलेल्या गल्ल्यांतून ठरलेल्या वेळी फिरायचं. मेह्यूनं घरटी एक मांजर धरून शहरात तीन लाख मांजरांचा अंदाज बांधला होता. फेरीवाल्याची हाक आली की गल्लीतली मांजरं त्याच्या मागे लागत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या मांसाचं मोजमाप आपोआप होत होतं: एक काडी, एक मांजर, एक दिवस. उद्याचं आज खायचं म्हटलं तरी काडी उद्याच यायची. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, आणि घोड्यांबरोबर हा धंदाही गेला. दरम्यान जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली होती. त्याच कंपनीनं नंतर मांजरांचंही खाणं विकायला काढलं. मांजराचा घास खोक्यात बंद होऊन दुकानातून घरी यायला लागला तो तेव्हापासून.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं पुन्हा एकदा स्कडमोर पद्धत आणली. अन्न वाया घालवणं गुन्हा ठरला. माणसांच्या वाट्याचं दूध मांजराला घालणं त्यात बसत होतं. मात्र अन्नधान्याच्या गोदामांत उंदीर मारणाऱ्या मांजरांना माणसांना न चालणारी दूधभुकटी मिळे. काम तिथे शिधा. मला वाटतं, मांजराकडे कामगार म्हणून पाहणारा हा शेवटचा मोठा सरकारी निर्णय.

कारण युद्ध संपल्यावर दोनच वर्षांत अमेरिकेत एक अशी गोष्ट झाली की तिनं मांजराचं घराबाहेर जाणंच संपवलं. १९४७ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या गावी एक शेजारीण एडवर्ड लोव या तरुणाकडे वाळू मागायला आली. तिच्या मांजराची वाळू थंडीनं गोठली होती, आणि वाळूऐवजी राख वापरली तर पायांचे काळे ठसे घरभर उठत होते. लोवच्या वडिलांचा कारखान्यांना शोषक माल पुरवायचा धंदा होता, म्हणून त्यानं तिला मुलतानी मातीच्या जातीची भाजलेली चिकणमाती दिली. ती पुन्हा तीच मागायला आली. लोवनं पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर 'किटी लिटर' लिहिलं आणि पासष्ट सेंट किंमत लावली. दुकानदाराला शंका होती, वाळू फुकट असताना ही कोण घेणार? तर आधी फुकट वाटा, असं लोवनं सांगितलं. पुढचं सगळं आपल्या घराघरांतल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात दिसतं.

ही मांजराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना आहे, असं माझं ठाम मत आहे. इजिप्तमधल्या मांजरांच्या ममी वगैरे नंतर. तोवर मांजराला निदान शौचासाठी तरी दार उघडावं लागे, आणि दार उघडलं की भिंत, झाड, शेजारचा बोका, चिमणी, उंदीर, सगळं ओघानं यायचं. आता दार बंद राहिलं तरी चालू लागलं. नंतरच्या दोन-तीन दशकांत मांजरांचं खच्चीकरण आणि गर्भाशय काढणं शहरांतून सर्रास सुरू झालं. ते योग्यच आहे, रस्त्यावर मरणारी पिल्लं पाहिलेल्या कुणालाही विचारा. पण शस्त्रक्रियेनंतर जनावराची गरज साधारण पाव हिश्शानं घटते आणि भूक उलट वाढते. जमा वाढली, खर्च घटला. अशा खात्याचं काय होतं हे मी तरी कुणाकडून शिकायची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट यंत्राची. सेंट लुईसच्या प्युरिना कंपनीकडे न्याहारीचे धान्याचे खुसखुशीत चौकोन करायचं यंत्र होतं. गेल्या शतकाच्या पन्नाशीत त्यांनी त्यातून कुत्र्यांचं खाणं काढलं, साठीच्या सुरुवातीला मांजरांचं. कणीक, मांसाचा चुरा, चरबी एकत्र मळायची, वाफेच्या दाबाखाली स्क्रूनं पुढे ढकलायची आणि बारीक भोकातून एकदम बाहेर सोडायची. दाब सुटला की तो गोळा फुलतो. कुरमुरा फुलतो त्याच नियमानं. फुलायला पिष्ट लागतं, म्हणून धान्य किंवा बटाटा आलाच. हे जनावर निसर्गात पिष्ट खात नाही, गोड चवही त्याला कळत नाही. ती ओळखणारा जनुक मांजरवंशात मोडका आहे हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. मग त्या फुललेल्या दाण्याला मांजरानं तोंड का लावावं? म्हणून वाळवल्यानंतर त्यावर चरबी आणि प्राणिज अर्क फवारतात. वास येतो मांसाचा, आत बसलेलं असतं पीठ.

कोरड्या दाण्यांचा खरा पराक्रम टिकण्यात आहे. ते सकाळी वाटीत ओतले तर रात्रीपर्यंत आंबत नाहीत, माश्या बसत नाहीत. घोड्याच्या मांसाची काडी दुपारपर्यंत ठेवता आली नसती. घरचं माणूस कामावर जाणार, तर वाटी भरून ठेवायची, मांजर हवं तेव्हा खाईल. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, म्हणजे बारा-तेरा उंदीर एका वाटीत, आणि एकाचाही पाठलाग नाही. स्कडमोरची अट इथे पूर्ण उलटली. उंदीर शून्य, शिधा अमर्याद. लेखापरीक्षणाच्या भाषेत याला मंजुरीशिवाय खर्च म्हणतात.

या पिठात काय कमी पडतं तेही हळूहळूच कळलं. अमेरिकेत मांजरं हृदय फुगून मरत होती. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की कारण टॉरिनची कमतरता आहे आणि टॉरिन दिलं की हृदय सुधारतं. तेव्हापासून कारखाने ते जास्तीचं घालतात. आजीच्या दूधभाताखाली दडलेला उंदीर डब्यावर छापला जायला एवढी वर्षं लागली.

पोस्टातल्या मांजरांचं पुढे काय झालं ते एका वाक्यात सांगते. लंडनच्या मुख्यालयातलं शेवटचं मांजर, ब्लॅकी, १९८४ साली वारलं, आणि त्याच सुमारास कापडी टपालथैल्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आल्या, ज्या उंदरांना कुरतडता येत नव्हत्या. जागा रिकामी झाली ती भरली नाही.

आता मोजमाप परत कसं आलं ते पाहू. मांजर जाड आहे की नाही, हे फक्त काट्यावर ठरत नाही, कारण जातीजातीत हाडांचा फरक असतो. १९९७ साली डॉटी लाफ्लाम या पशुवैद्यक संशोधिकेनं मांजरांसाठी नऊ पायऱ्यांची शरीरमोजणी प्रसिद्ध केली. पाच म्हणजे बेताचं: फासळ्या हाताला लागतात, वर चरबीचा पातळ थर, वरून पाहिलं तर कंबर दिसते. नऊ म्हणजे फासळ्या सापडतच नाहीत. बाईंनी माझा हात धरून पंताच्या बरगडीवर ठेवला. गादीत हात घातल्यासारखा आत गेला. "आठ," त्या म्हणाल्या, "साडेआठ म्हटलं तरी चालेल." गंमत अशी की लाफ्लाम प्युरिनातच काम करत होत्या. ज्या कंपनीच्या यंत्रातून दाणा बाहेर पडला, त्याच कंपनीतून पोटाची मोजपट्टीही आली.

मग गणित. मांजराचं आदर्श वजन किलोत घ्यायचं, त्याचा पाऊण घात काढायचा, त्याला सत्तरनं गुणायचं. ही झाली स्वस्थ पडून राहण्याची गरज. साडेचार किलोला ती २१६ कॅलरी येते. वजन उतरवायचं तर बहुतेक डॉक्टर त्याच्या ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे १७३. मी पाऊण घात कागदावर दोनदा वर्गमूळ काढून केला. आमचे हे म्हणाले, मोबाइलवर होतं. माझा कागद बरोबर निघाला.

मुलीच्या घरी पंताची वाटी दिवसभर भरलेली असे. पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता मी फक्त तोललं: रोज नव्वद ग्रॅम, दर शंभरी ३८० कॅलरी, म्हणजे ३४२. मंजूर व्हायला हवं त्याच्या दुपटीला थोडं कमी. साउदॅम्प्टनच्या पोस्टमास्तरांनाही एवढं मागायचा धीर झाला नसता.

तेच खाणं निम्मं करायचं नाही, हे बाईंनी बजावलं. निम्म्या दाण्यांत प्रथिनं आणि क्षारही निम्मे होतात आणि चरबीऐवजी स्नायू झडतात. म्हणून वजन उतरवण्यासाठीचं, प्रथिनं जास्त आणि कॅलरी कमी असलेलं खाणं; त्याचं माप ५४ ग्रॅम येतं. ते जुन्या दाण्यांत थोडं थोडं मिसळत आठवडाभर बदल करायचा. आणि उपास नाही. जाड मांजर काही दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतावर धाव घेते आणि यकृत तिच्याखाली दबतं. हा आजार जीव घेतो. पंतानं चोवीस तास तोंड लावलं नाही तर मला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, असं त्यांनी सांगितलं. वजन आठवड्याला एक टक्का उतरलं तरी खूप, दोन टक्क्यांच्या वर नको. ६.८ किलोचा एक टक्का म्हणजे अडुसष्ट ग्रॅम. इतकं कमी मोजायला माणसांचा काटा निरुपयोगी, म्हणून लहान बाळांचा काटा आणला. वाटीऐवजी दाण्यांना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. चमचा, मूठ, वाटी यांच्यावर माझा विश्वास नाही, नोकरीतही नव्हता.

५४ ग्रॅम एकदम घालायचे नाहीत. मोकळं मांजर दिवसभरात दहा-वीस वेळा थोडं थोडं खातं, एकेका उंदरानं. म्हणून मी सकाळी दिवसाचा शिधा तोलून डब्यात काढते आणि तो डबा संपला की दिवस संपला. त्यातले काही दाणे पुठ्ठ्याच्या नळीत, काही भोकं पाडलेल्या बाटलीत. ती लोळवली तरच एखादा दाणा पडतो. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी घरकोंड्या मांजरांच्या जगण्यावर पुष्कळ वर्षं काम केलं; मांजराला खाणं मिळवण्याचं काम परत द्या, हा त्यांचा मुद्दा. पहिल्या दिवशी पंत बाटलीकडे बघून माझ्याकडे बघत बसला. पेन्शनीत गेलेल्या माणसाला पुन्हा हजेरीपुस्तकावर सही करायला सांगितल्यावर होतो तसा चेहरा. आता रात्री तीन वाजता ती बाटली फरशीवर गडगडते.

उपाहारगृह आमच्याही घरात होतं. शेजारच्या वहिनी येताना पनीरचा तुकडा घेऊन येत, आमचे हे संध्याकाळी सायीचं बोट पुढे करत, मोलकरीण सुकट आणी. सगळे प्रेमाचे आणि सगळे बिननोंदीचे. मी फ्रीजवर वही टांगली. ज्याला काही द्यायचं त्यानं द्यावं, पण आधी तोलावं, लिहावं आणि डब्यातून तेवढ्या कॅलरीचे दाणे काढून ठेवावेत. एकूण शिध्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असं वरचं चालणार नाही. सायीचं बोट तोलता येईना म्हणून ते बंद पडलं. वहिनींना मी टिब्सची गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "पण तो चौदा वर्षं जगला की!" यावर माझ्याकडे उत्तर होतं. जाड मांजरांना मधुमेह होण्याचं प्रमाण बेताच्या मांजरांच्या सुमारे चौपट आढळलं आहे, आणि रोज दोनदा इन्सुलिन टोचायला वहिनी येणार होत्या का? ते मी मनातच म्हटलं.

मधे वजन अडकलं. आठवड्यामागून आठवडा काटा ५.९ वरच. बाईंनी वही मागितली, पानं उलटली, आणि दहा ग्रॅमवर न जाता पाच ग्रॅमच कमी केले. पुन्हा उतरू लागलं. काल ५.२ होतं. पाठीवरच्या जटा कापाव्या लागल्या, पण आता तो तिथपर्यंत जीभ पोचवतो. साडेचारला पोचल्यावर शिधा थोडा वाढवायचा आहे, जुन्या मापावर मात्र कधीच नाही. वाटी मोकळी सोडली तर ते वजन परत येतं, असं बाई म्हणतात. पंत सात वर्षांचा आहे. मी पुढची वही दोनशे पानी आणली आहे.